उद्घाटनाचा मान आणि उतरलेली तार: लातूरच्या मे महिन्यातलं एक प्रकरण

महोत्सवाची सुरुवात तरुण कलाकारानं करावी, हा आपल्याकडचा रिवाज जुना आहे आणि चांगलाही आहे. शास्त्रीय संगीताच्या संमेलनात पहिली बैठक नवोदिताची आणि शेवटची बुजुर्गाची, यात कुणाला अन्याय वाटत नाही. तानपुरे लागेपर्यंत लोक सतरंजीवर जागा शोधत असतात, गाणारा मुलगा आलापीत हळूहळू स्थिरावतो आणि श्रोतेही त्याच्याबरोबर स्थिरावतात. पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंदासमोर एकट्यानं व्हायोलिन वाजवणाऱ्याला ही सवड मिळत नाही. तिथे पहिल्या स्वरापासून सगळं लिहिलेलं असतं आणि चाळीस माणसं त्या स्वरावर टेकून असतात. तिथे पहिलेपणाचा मान द्यायचा, तर त्याच्यासोबत आणखी पुष्कळ काही द्यावं लागतं. ते काय, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे. म्हणून माणसांना नावं नाहीत, महोत्सवालाही नाही. हवा, लाकूड, तारा आणि स्वरलिपी यांच्याबद्दलची माहिती मात्र रचलेली नाही.

माणसं, जागा, रचना

लातूर, मे महिन्याचा मध्य. एका महाविद्यालयाच्या मैदानावर तीन संध्याकाळींचा उन्हाळी महोत्सव. उघडा रंगमंच, मागे आवाज परतवण्यासाठी प्लायवुडची भिंत. वाद्यवृंद बेचाळीस जणांचा. तंतुवाद्यवाले बहुतेक मुंबई, पुणे आणि गोव्याहून आलेले. दोन ट्रम्पेट आणि एक क्लॅरिनेट वाजवणारे पोलीस बँडमधले, रीतसर परवानगी काढून आणलेले. भारतात पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद एकच आहे, तो मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्यामुळे लातूरसारख्या ठिकाणी वाद्यवृंद उभा करायचा म्हणजे ठिकठिकाणचे वादक दिवसाच्या हिशेबानं गोळा करणं आलं. तालमी दोनच परवडल्या, आणि त्याही वातानुकूलित सभागृहात.

सोलो वाजवणारी मुलगी सतरा वर्षांची, मूळ उदगीरची. आठव्या वर्षी लातुरात एका गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन सुरू केलं, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून. बाराव्या वर्षी पुण्याला मावशीकडे राहायला गेली आणि तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण घेऊ लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली तेव्हा व्हायोलिनही तिच्यासोबत उदगीरला आलं. ही गोष्ट आज किरकोळ वाटेल, पुढे वाटणार नाही.

महोत्सवाच्या समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. रंगमंचाची जबाबदारी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे. कंडक्टर मुंबईचे.

रचना निवडली होती जर्मन संगीतकार मेंडेल्सोनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठी वाद्यवृंदाच्या साथीनं लिहिलेली रचना. तो १८४४ मध्ये पूर्ण झाला आणि मार्च १८४५ मध्ये लाइपत्सिगला फर्डिनांड डेव्हिडनं पहिल्यांदा वाजवला. त्याच वर्षी जोसेफ जोआखिमनं तो वाजवला तेव्हा त्याचं वय चौदा होतं. तेव्हापासून तरुण वादकांच्या हातात हा कॉन्चेर्टो सतत राहिला आहे. सगळा मिळून सत्तावीस मिनिटांच्या आसपास जातो. मुलगी त्यावर दीड वर्ष मेहनत घेत होती. निवडीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

पहिला निर्णय: सुरुवातीलाच तिला

समितीनं ठरवलं की दीपप्रज्वलन झालं की लगेच हाच कॉन्चेर्टो. कंडक्टरनी बैठकीत हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, आधी चार-पाच मिनिटांचं एखादं ओव्हर्चर, म्हणजे नुसत्या वाद्यवृंदाची सुरुवातीची रचना, होऊ द्या, मग मुलगी येईल. समितीतल्या एका वकील सदस्यांना ते पटलं नाही. "लोक आपल्या लेकराला ऐकायला येणार आहेत. आधी बाहेरच्यांचं कशाला लावताव?"

या वाक्यात जिव्हाळा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पण ओव्हर्चर हे बाहेरच्यांचं असतं, ही समजूत चुकीची आहे. मैफलीची ओव्हर्चर, कॉन्चेर्टो, मध्यंतर, सिम्फनी ही घडी युरोपात उगीच बसली नाही. पहिल्या पाच मिनिटांत बेचाळीस जणांचे हात गरम होतात, बासरी-क्लॅरिनेटच्या नळ्या श्वासानं तापून सुरात येतात, ध्वनियंत्रणावर बसलेला माणूस माइकची पातळी बसवतो आणि उशिरा आलेले लोक खुर्च्यांवर बसतात. या सगळ्याची किंमत ओव्हर्चर चुकवतं. ते काढून टाकलं की ती किंमत पुढच्या रचनेवर पडते, म्हणजे त्या मुलीवर.

मेंडेल्सोनच्या बाबतीत तर ती दुप्पट पडते. बेथोव्हेनच्या १८०६ च्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत सोलो वाजवणारा सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं नुसता उभा असतो, वाद्यवृंद आधी सगळी मांडणी करतो. तेवढ्यात वादकाला मैदान, वारा, आवाज यांचा अंदाज येतो. मेंडेल्सोननं ही प्रस्तावना काढूनच टाकली. तंतुवाद्यांची हलकी थरथर दीड मात्रागट चालते आणि सोलो व्हायोलिन वरच्या पट्टीत, ई तारेवर, थेट मुख्य चाल घेऊन येतं. ओव्हर्चर नाही, प्रस्तावना नाही, अशी ही पहिली एंट्री. समितीतल्या कुणाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कंडक्टरना ठाऊक होतं, पण त्यांनी ते या शब्दांत बैठकीत सांगितलं नाही. "साधारण अशी पद्धत असते" एवढंच म्हणाले. पद्धत म्हणून सांगितलेली गोष्ट गावच्या प्रेमापुढे टिकत नाही. कारण सांगितलं असतं तर कदाचित टिकलं असतं.

हवा

युरोप-अमेरिकेतल्या उन्हाळी महोत्सवांच्या मागे तिथला उन्हाळा आहे. रात्री नऊपर्यंत उजेड, बाहेर बसावंसं वाटेल अशी हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात महोत्सव होतो तो सुट्टीमुळे. परीक्षा संपलेल्या असतात, वाजवणारी मुलं मोकळी असतात, नोकरदार गावी आलेले असतात. हवेच्या दृष्टीनं तो वर्षातला सगळ्यात वाईट काळ. दुपारी एक्केचाळीस-बेचाळीस अंश, सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, आणि सातला मैदानाची जमीन अजून वाफा टाकत असते.

व्हायोलिनसाठी चाळीस ते साठ टक्के सापेक्ष आर्द्रता बरी मानतात. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी ती वीस टक्क्यांच्याही खाली जाते. लाकूड सुकतं आणि आक्रसतं. व्हायोलिनच्या पाट्या सरसानं चिकटवलेल्या असतात. कोरड्या हवेत कडेचा सांधा सुटू शकतो. ते एक परी बरं, कारण सांधा सुटला नाही तर पाटीच तडकते. खुंट्यांचं दुखणं त्याहून रोजचं. निमुळती खुंटी निमुळत्या भोकात केवळ घर्षणावर बसलेली असते. कोरडेपणानं ती सैल होते आणि तारेच्या ताणानं मागे फिरते. गजाचे केसही कोरड्या हवेत आखडतात, म्हणून सकाळी बरोबर ताणलेला गज संध्याकाळी जास्त ताठ लागतो. या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात कॅडेन्झाच्या, म्हणजे सोलो वादक एकटाच वाजवतो त्या तुकड्याच्या, शेवटी गज चारही तारांवरून उसळत न्यायचा असतो आणि तो तसाच उसळत असताना वाद्यवृंद मुख्य चाल घेऊन आत येतो. गजाचा ताण थोडा बदलला तरी ही उसळी बिघडते.

आणि सूर. उष्णतेनं तार लांबते आणि उतरते. फुंकून वाजवायच्या वाद्यांचं उलट होतं. हवेत आवाजाचा वेग वीस अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, छत्तीस अंशांना सुमारे ३५२. कोऱ्या हिशेबानं बासरी किंवा ओबोचा सूर तेवढ्यानं अर्धस्वराच्या जवळजवळ निम्म्यानं चढतो. नळीतली हवा वादकाच्या श्वासानं आधीच ऊबदार असते, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो. पण पडतो, आणि कानाला कळतो. म्हणजे एकाच रंगमंचावर एकाच उकाड्यानं अर्धी वाद्यं वर जातात आणि अर्धी खाली येतात.

सूर ठरवणं हे संयोजकाचं काम असतं हे मी ठासून सांगेन, आणि त्याला जुना दाखला आहे. १८९५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये हेन्री वुडच्या प्रॉम्स मैफली सुरू झाल्या, त्याला पैसा दिला जॉर्ज कॅथकार्ट या घशाच्या डॉक्टरनं. त्याची अट होती की तिथला चढा सूर खाली आणून युरोपच्या मुख्य भूमीवरचा सूर धरायचा, कारण चढ्या सुरानं गायकांचे गळे ताणतात. त्यासाठी नव्या सुराची वाद्यंही त्यानं स्वतःच्या खर्चानं मिळवून दिली. ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरण्याचा आजचा आंतरराष्ट्रीय ठराव १९५५ चा. पण ४४० कागदावर धरून भागत नाही. लातूरच्या सभागृहात, चोवीस अंशांत लावलेला ४४० मैदानावर टिकत नाही.

सरांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांनी प्रयोगशाळेतला आर्द्रतामापक मैदानावर नेऊन तासातासाच्या नोंदी घेतल्या. चौकीदारानं विचारलं, "काय करलालाव सर, उन्हात?" सर म्हणाले, "व्हायोलिनला किती ऊन लागतंय बघलालोय." त्यांचा आग्रह एवढाच होता की रंगीत तालीम आदल्या दिवशी, त्याच जागी, संध्याकाळी सातला व्हावी. मंडपवाल्यानं हात वर केले. लग्नसराई, मांडव औशाला एका लग्नात उभा, तो कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच मोकळा होणार. मग तालीम कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला झाली, उगवतीकडच्या भिंतीच्या सावलीत. हवा त्यातल्या त्यात मऊ होती, सगळं छान वाजलं. त्या तालमीनं सगळ्यांना दिलेला धीर खोटा होता. संध्याकाळच्या मैदानाबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

सव्वासहा ते आठ

पत्रिकेवर पावणेसातला दीपप्रज्वलन, सातला वादन. प्रमुख पाहुण्यांची गाडी सव्वासातला पोचली. अकरा सत्कार ठरलेले होते. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, हार, फोटो, आणि निवेदकाचा परिचय. मुलगी सहा वाजल्यापासून तयार होती, हात गरम करून, सूर लावून.

सरांनी तिला सांगून ठेवलं होतं की सव्वासहापासून व्हायोलिन रंगमंचाच्या कडेला, सावलीत, उघड्या पेटीत राहू दे, म्हणजे ते तिथल्या हवेला सरावेल. तिनं तसंच ठेवलं होतं. पण सात वाजून गेले, घामानं तिचे हात ओले झाले, आणि आईनं तिला बोलावून खोलीत कूलरसमोर बसवलं. "बस जरा बाळा, तोंड बघ किती लाल झालंय." व्हायोलिन सोबत गेलं. मे महिन्यात लेकराला कूलरसमोर न बसवणारी आई मराठवाड्यात सापडायची नाही, आणि या प्रकरणात त्या माउलीकडे बोट दाखवायला मी तयार नाही. पण कूलर म्हणजे ओलं वारं. बाहेर छत्तीस अंश आणि पंचवीस टक्के, आत सत्तावीस अंश आणि सत्तर टक्के. व्हायोलिनला ऊन सोसत नाही, आणि हा हेलकावा तर त्याहून कमी सोसतो. तिथे तिला सूर हललेला वाटला म्हणून तिनं तारा पुन्हा लावल्या, त्या गार, दमट खोलीत.

इकडे तिसऱ्या सत्काराच्या वेळी सर बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. बाई उठल्या, माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "राहिलेले सत्कार मध्यंतरात करू या. वाजवणारी मुलगी तासाभरापासून थांबली आहे." पाहुण्यांच्या रांगेत चुळबुळ झाली. त्या माणसांना पत्रिका देऊन बोलावलं होतं, त्यातले दोघे वाद्यवृंदाच्या निवासाचा खर्च उचलणारे. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत धाडसाचं पाऊल होतं. संगीताची माहिती असलेली माणसं तिथे बरीच होती. सत्कार थांबवण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी जिगर एकाच व्यक्तीकडे होती. पण वेळ उरलीच नव्हती. वादन सुरू झालं तेव्हा आठला दहा कमी होते.

मुलगी खोलीतून सरळ दिव्यांखाली आली. ओबोनं सूर दिला, तो आधीच चढलेला. तिच्या तारा उतरू लागलेल्या. सूर बारीक लावायच्या छोट्या स्क्रूनं भागेना, तेव्हा तिनं घाईनं सगळ्यात खालच्या, ‘जी’ नावाच्या तारेची खुंटी फिरवली. उदगीरच्या तीन आठवड्यांच्या कोरड्या हवेनं ती खुंटी आधीच आक्रसलेली होती. फिरवताना आत दाबायची असते, ते घाईत अर्धवट राहिलं.

उघडी जी तार

पहिली चाल तिनं स्वच्छ काढली. मोकळ्या मैदानात आवाज परत येत नाही, म्हणून वादक नकळत गजावर जोर टाकतात; तिनंही टाकला, पण दोन मिनिटांत सावरली.

मग आली पहिल्या भागातली दुसरी चाल. ती बासरी आणि क्लॅरिनेटकडे असते, शांत, जी मेजरमध्ये, आणि तिच्याखाली सोलो व्हायोलिन आपली सगळ्यात खालची उघडी जी तार नुसती लांबवत धरून ठेवतं. मेंडेल्सोनची ही कल्पना विलक्षण आहे. एवढा वेळ धावणारं सोलो वाद्य एकदम पाया होऊन बसतं. पण उघड्या तारेवर बोट नसतं. दुसरीकडे कुठे तार उतरली असती तर बोट किंचित पुढे सरकवून भागलं असतं. इथे इलाज नाही. वर चढलेली फुंकवाद्यं, खाली घसरत जाणारी खुंटी, आणि मध्ये कानाला टोचणारी फट. जाणकारांनी ती पहिल्या दोन मात्रागटांतच ऐकली असणार.

तिनं काय केलं? उघड्या तारेमुळे डावा हात रिकामा होता. व्हायोलिन हनुवटीखाली पक्कं धरून तिनं तो हात वर नेला, खुंटी आत दाबली आणि गज न थांबवता तार वर आणली. स्वर किंचित ओढला गेला आणि जागेवर बसला. पुण्यात तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. लातूरच्या गुरुजींनी शिकवलं होतं. हिंदुस्थानी बैठकीत वादक गज चालू ठेवून सूर मिळवतात, श्रोत्यांसमोर, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. बैठकीत सूर मिळवणं हा वादनाचाच भाग आहे, हे ती आठव्या वर्षापासून पाहत आली होती.

पहिला भाग संपला आणि पुढचा पेच उभा राहिला. या कॉन्चेर्टोचे भाग एकमेकांना जोडलेले आहेत. पहिल्या भागाचा शेवटचा घोष थांबतो तेव्हा ‘बसून’ नावाचं खर्जातलं फुंकवाद्य एकटंच बी हा स्वर धरून राहतं, मग अर्धस्वर वर सी वर जातं, आणि तिथून संथ भाग उलगडतो. मध्ये थांबा नाही, म्हणजे खुंटी नीट बसवायला जागा नाही. पण लातूरकरांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, मोठ्यानं, कुणी "वा! वा!" म्हणालं. बसूनचा स्वर त्यात बुडून गेला. कंडक्टरनी हात खाली घेतले, मुलीकडे पाहिलं, मान हलवली. तिनं चारही खुंट्या दाबून तारा मिळवल्या, गजाचा ताण थोडा कमी केला, आणि बसूननं आपला बी पुन्हा नव्यानं दिला.

भागांच्या मध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांना अडाणी समजण्याची एक खोड आपल्याकडच्या जाणकारांत शिरली आहे. मला ती मान्य नाही. जागच्या जागी दाद देणं ही इथल्या श्रोत्यांची रीत आहे, आणि मेंडेल्सोनच्या काळातले श्रोतेही काही मुके बसत नव्हते. त्या संध्याकाळी दाद नसती तर संथ भाग उतरलेल्या तारेवर वाजला असता.

पुढचं सगळं उत्तम झालं. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी ट्रम्पेट-हॉर्नची ललकारी असते, ती पोलीस बँडमधल्या दोघांनी अशी खणखणीत दिली की मैदानाच्या कडेला उभी असलेली पोरं पुढे सरकली.

नंतरचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या घरी चहावर सगळे बसले. कंडक्टरांचं मत स्पष्ट होतं. खुंटी वाजवता वाजवता फिरवणं स्पर्धेत किंवा परीक्षेत चालणार नाही, आणि तिनं त्याची सवय करू नये. मात्र काल तिनं केलं ते बरोबर केलं. मुलगी स्वतः म्हणाली की तिला जी तारेपेक्षा ई तारेची भीती होती.

ती भीती रास्त होती. २६ जुलै १९८६ ला अमेरिकेतल्या टँगलवूडच्या उन्हाळी महोत्सवात चौदा वर्षांची व्हायोलिनवादक मिदोरी संगीतकार बर्नस्टाइन यांची सेरेनेड ही रचना खुद्द त्यांच्याच दिग्दर्शनाखाली वाजवत होती. तिची ई तार तुटली. तिनं वाद्यवृंदाच्या मुख्य व्हायोलिनवादकाचं व्हायोलिन घेतलं, तिच्या स्वतःच्यापेक्षा थोडं मोठं. त्याचीही ई तार तुटली. तिनं शेजारच्याचं घेतलं आणि रचना पूर्ण केली. ही गोष्ट त्या मुलीच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण संयोजकांनी तिच्यातून दुसरंही काही घ्यायला हवं. पहिल्या बाकावरच्या वादकानं व्हायोलिन क्षणात पुढे केलं, कारण तशी पद्धत बांधलेली होती. लातूरला कंडक्टरनी पहिल्या बाकावरच्या वादकाशी तसं बोलून ठेवलं होतं. मात्र त्याच्या व्हायोलिनवर मुलीनं एकदाही हात फिरवून पाहिला नव्हता. हनुवटीची पाटी वेगळी, खांद्याची उशी वेगळी. दहा मिनिटांचं काम होतं.

पुढच्या वर्षासाठी जे ठरलं त्यातलं बरंचसं साधं आहे. सत्कार मध्यंतरात. ओव्हर्चर आधी, त्यात पोलीस बँडच्या वादकांना ठळक जागा, म्हणजे तेही घरचंच होईल. वादन आठला. पत्रिकेवरही आठच छापायचे. रंगमंचाच्या कडेला कूलर नसलेली, पंख्याची, सावलीची खोली, आणि कलाकाराच्या आईसाठी तिथेच एक खुर्ची. मांडव आदल्या संध्याकाळी उभा असेल तरच तारीख पक्की. यासाठी मंडपवाल्याला डिसेंबरातच आगाऊ रक्कम द्यायची.

एका मुद्द्यावर मात्र बराच वेळ गेला. बाहेरच्या वादकांना मानधन होतं, मुलीला शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह. वडील शिक्षक आहेत, त्यांनी विषय काढला नसता. तो काढला कंडक्टरनी. तारांचा चांगला संच काही हजारांना येतो, गजाचे केस बदलायला पुण्यात द्यावं लागतं, उन्हानं सैल झालेल्या खुंट्या कारागिराकडून बसवून घ्याव्या लागतील, आणि हा सगळा खर्च महोत्सवासाठी वाजवल्यामुळे आलेला आहे. वकील सदस्य म्हणाले, "घरच्या लेकीला पैसे देणं बरं दिसत नाही." बाईंनी विचारलं, मग तिच्या बापानं भरायचे का? कुणी उत्तर दिलं नाही. सोलो वाजवणारा गावचा असो की बाहेरचा, मानधन आणि वाद्याच्या दुरुस्तीचा खर्च समितीनं द्यायचा, असं वहीत लिहिलं गेलं, आणि त्याच वर्षापासून.

राहिला प्रश्न मे महिन्याचा. कंडक्टर म्हणतात फेब्रुवारी. पण फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीच्या परीक्षा, वाजवणारी आणि ऐकणारी मुलं दोन्ही अडकलेली. दिवाळीची सुट्टी सुचवली गेली, तर बाहेरचे वादक तेव्हा आपापल्या घरी. सरांनी त्यांच्या नोंदींची वही पुढे केली. मे महिन्यात पहाटे साडेपाच ते साडेसात हवा वाजवण्याजोगी असते, आणि दिवाळी पहाट भरगच्च भरवणारं गाव उन्हाळ्यातही पहाटे उठेल, असा त्यांचा अंदाज आहे. वकील सदस्यांना तो पटलेला नाही. तिसऱ्या दिवशीच्या समारोपानंतर एक पहाट तंतुवाद्यांच्या चौघांना बसवून पाहायचं, एवढ्यावर बैठक उठली.